जकातबाईंचे सैल बूट

माझ्या चेहऱ्याकडे बघण्याआधी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. दुकानातला माझा पहिला दिवस होता. पुढच्या दारापाशी त्या हात मागे बांधून उभ्या होत्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं.

"बूट कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"माझेच."

"हं," त्या म्हणाल्या.

बूट ताईचे होते. मला मोठे होत होते, म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबले होते. हे मी सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. एवढ्या मोठ्या दुकानात एक जाणती बाई आपणहून नव्या मुलीशेजारी बसते, याचं मला अप्रूप वाटलं. अशी आमची मैत्री सुरू झाली. निदान मला तसं वाटत होतं.

तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत. पाठ वळली की जकातबाई. कारण त्यांच्यासमोर थांबल्याशिवाय कुणालाही पुढे जाता येत नसे. दिवसभर त्या दुकानाच्या पुढच्या दारावर असत आणि संध्याकाळी मागच्या. मागच्या दारानं आम्ही कामाची माणसं घरी जायचो. पिशवी उघडायची, दाखवायची, जायचं. ज्याचे बूट त्यांना सैल वाटत, त्यानं ते काढून जमिनीवर दोनदा आपटायचे. हा नियम मालकांनी केलेला नव्हता. तो बाईंचा होता.

फार पूर्वी त्यांनी एका गिऱ्हाईक बाईला दारात धरलं होतं. तिच्या ढगळ बुटांतून घड्याळं निघाली. मालकांनी सगळ्यांसमोर जकातबाईंचं कौतुक केलं. तेव्हापासून त्यांचा सिद्धांत पक्का झाला होता.

"घट्ट बूट घालणाऱ्याच्या मनात काही नसतं," त्या मला सांगत. "सैल बूटवाल्याचं कुठेतरी पाणी मुरत असतंच."

मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या मला बीए म्हणायच्या. मी साहित्य घेऊन पदवीधर झाले आणि पॅकिंगच्या काउंटरवर लागले, याची दुकानात थोडी गंमत होती. वरच्या मजल्यावर कपडे अल्टर करून देणारे शिंपीकाका बसत. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान हलवली. "साहित्य होय! माझ्याकडे पण आहे. सुया, दोरे, खडू."

मावशींचा संशय दारापुरता नव्हता. दुधाची पिशवी त्या उजेडात धरून बघायच्या. बस वेळेवर आली तर "आज काय भानगड आहे?" म्हणायच्या. सुनेनं गरम चहा हातात दिला की तिच्या तोंडाकडे बघायच्या. "आज न मागता?" सून हसून सोडून द्यायची. मुलगा मालवाहू गाडीवर होता, बरेच दिवस बाहेर असायचा. दोन खोल्यांच्या त्या घरात या दोघीच एकमेकींना धरून होत्या. पण मावशींनी हे कबूल केलं नसतं.

त्या लंगडतात हे मला टेबलाखालून कळलं. जेवताना त्या उजव्या बुटाची टाच हळूच सोडवून घ्यायच्या. मोजा बाहेरच्या बाजूनं विरला होता, करंगळीच्या मुळाशी. तिथे लालसर टेंगूळ दिसत होतं.

"कुरूप झालंय," त्या म्हणाल्या. "बघू नकोस."

कुरपाची पट्टी लावून झाली. टेंगूळ गेलं नाही. मग त्यांनी चोर शोधायला घेतला. आधी चांभार. उजव्याचा तळ बदलताना त्यानं बूट आवळला असणार. चांभारानं दोन्ही बूट तळाला तळ लावून दाखवले, तेव्हा तो सुटला. मग दुकान. गणवेशाबरोबर मिळणारे काळे, टोकदार बूट या वेळी मुद्दाम चिंचोळे शिवून घेतले असणार, चामडं वाचवायला. मग पाळी सुनेची आली.

"ही मोजे उकळत्या पाण्यात टाकते," त्या मला म्हणाल्या. "आटतात ते. मग पाय आवळतो."

"पण मावशी, ती असं का करेल?"

"तेच तर शोधायचंय."

त्याच सुमारास नवे साहेब आले. तरुण, बोलायला मऊ. चालताना त्यांच्या पायांचा आवाज होत नसे. एवढ्यावरून मावशींना ते आवडले नाहीत. एका सकाळी त्यांनी मावशींना बाजूला बोलावलं. मी जवळच रिबिनी कापत होते.

"बाई, तुम्ही लंगडता."

"नाही साहेब."

"दारावरचा माणूस गिऱ्हाईकाला सगळ्यात आधी दिसतो आणि सगळ्यात शेवटी. उभं राहवत नसेल तर सांगा. तळघरात हँगर मोजायला माणूस हवाच आहे. तिथे खुर्ची पण आहे. महिनाअखेरीला ठरवू."

त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं असावं. मावशींचा डबा मात्र दुपारी तसाच राहिला.

"नवरा गेला तेव्हा पोरगं मांडीवर होतं," त्या म्हणाल्या. "या दारात उभं राहून वाढवलं त्याला. माझ्याकडे बघून लोक पिशव्या उघडतात, बीए. हँगर काय उघडणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. फक्त पायांचेच डॉक्टर. याही गोष्टीवर त्यांचा विश्वास बसेना. "बाकीचं शरीर येत नसेल त्यांना."

डॉक्टरांनी पाय हातात घेतला, टेंगूळ चेपलं, करंगळी थोडी बाहेर ओढली. मग एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडात धरला.

"हे कुरूप नाही. करंगळीच्या मुळाशी सांधा आहे, तिथलं हाड बाहेर आलंय. करंगळी आत वळलीय. याला बनियनेट म्हणतात."

"बनियनचा इथं काय संबंध?" मावशींनी विचारलं.

डॉक्टर हसले. "पूर्वी शिंप्यांना फार व्हायचं. मांडी घालून दिवसभर शिवत बसायचे ना, पायाची बाहेरची कड जमिनीवर दाबली जायची. तुमचं बुटांनी वाढवलंय. पुढे चिंचोळे आहेत. दिवसभर त्याच हाडावर घासतात."

उपाय त्यांनी साधा सांगितला. पुढे रुंद, वरून मऊ बूट. चौथं बोट आणि करंगळी यांच्या मध्ये घालायला सिलिकॉनचा एक छोटा तुकडा, म्हणजे करंगळी सरळ राहील. आधी घरात थोडा वेळ घालायचा, मग हळूहळू वाढवायचा. सूज आली तर बर्फ. हाड आत जाणार नाही, पण दुखणं जाईल. तेवढ्यानं नाहीच भागलं तर मग ऑपरेशनचं बघू.

"सैल बूट?" मावशी म्हणाल्या.

"सैल नाही. ऐसपैस. टाच घट्ट हवी. बोटांना जागा हवी."

"तुमचे दाखवा."

डॉक्टरांनी टेबलाखालून पाय बाहेर काढला. बूट पुढे चांगला रुंद होता. मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला.

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "याच्या मेहुण्याचं बुटांचं दुकान असणार."

"मावशी!"

"आणि ऐकलंस ना? शिंप्यांना होतं म्हणाला." त्या कठड्याला धरून थांबल्या. "मला हे शिंप्याकडूनच लागलंय."

"लागत नाही हे. हाड आहे."

"रोज संध्याकाळी त्याचे बूट कोण हातात घेतं? मी. उलटे करून आत बघतं कोण? मी. वर्षानुवर्षं."

शिंपीकाकांचे बूट दुकानात प्रसिद्ध होते. तपकिरी, पसरट, होडीसारखे. मावशी रोज ते काढायला लावत. काका रोज काढत. त्यांच्यातून आजवर सुईसुद्धा पडली नव्हती. "हुशार आहे," मावशी म्हणत. "धीर धरून आहे."

सिलिकॉनची ती पाचर आम्ही घेतली. पाचर हा शब्द त्यांचा. बूट मात्र घ्यायला त्या तयार होईनात. रोज दुसऱ्यांचे उतरवायचे आणि स्वतः तसलेच घालायचे? लोक काय म्हणतील हा प्रश्न नव्हता. आपण आपल्याला काय म्हणू, हा होता. पाचर घालून त्यांनी जुना चिंचोळा बूट चढवून बघितला. आत जागाच नव्हती. दुपारपर्यंत त्यांचे डोळे भरून आले.

"बघ, म्हणाले नव्हते? फसवलं डॉक्टरनं."

मी हट्टाला पेटले. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. एक कोरा कागद स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, माप तेव्हाच घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशींना कागदावर उभं केलं. सून गुडघे टेकून बसली आणि पेन्सिल पायाभोवती फिरवायला लागली.

"तिरकी धरू नकोस," मावशी वरून म्हणाल्या. "मुद्दाम मोठा काढतेयस पाय."

"आई, तुमचा पाय मोठा काढून मला काय मिळणार आहे?"

"ते मला काय माहीत? बीए, तू काढ."

मी दुसऱ्या कागदावर काढला. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रेषा जुळल्या. सून पदरानं नाक पुसल्यासारखं करून हसली.

मग मी दुकानाचा काळा बूट कागदावर ठेवला.

बूट पायाच्या चित्राच्या आत मावला. दोन्ही बाजूंनी पेन्सिलीची रेघ बाहेर राहिली. करंगळीच्या बाजूला तर बोटभर जागा नुसती पांढरी दिसत होती. रोज एवढा पाय त्या कुठे ठेवत होत्या, कोण जाणे.

मावशी खाली बसल्या. बूट उचलला, पुन्हा ठेवला. फिरवून बघितला. दारात कुणाला मुद्देमालासकट धरलं की त्यांचा चेहरा जसा होई, तसा झाला.

"सापडला," त्या म्हणाल्या.

"आणि मी मोजे आटवत होते," सून म्हणाली.

"तुझं अजून संपलेलं नाही," मावशी म्हणाल्या. पण त्या दिवशी सुनेनं दिलेला चहा त्यांनी तोंडाकडे न बघता घेतला.

तो कागद घेऊन आम्ही बुटांच्या दुकानात गेलो. विक्रेत्याचा मेहुणा डॉक्टर आहे का, हे मावशींनी विचारलंच. नाही म्हणाला. काळे, साधे, पुढे रुंद आणि मऊ असे बूट निघाले. कागदावर ठेवले तर रेघ आत गेली. टाच हलत नव्हती. आधी काही दिवस त्या पाचर घालून, ते बूट चढवून घरातच फिरत होत्या, या खोलीतून त्या खोलीत. सून म्हणायची, घरात पोलीस फिरतायत असं वाटतं.

मग महिनाअखेर आली आणि त्या ते बूट घालून कामावर आल्या.

सकाळी पुढच्या दारात मी त्यांना बघितलं. वजन दोन्ही पायांवर होतं.

"सैल दिसतात?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"ऐसपैस दिसतात."

दुपारी शेजारी बसल्या तेव्हा कपाळाला आठी होती.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही ना. दुखतच नाहीये. काहीतरी गडबड आहे."

संध्याकाळी मागच्या दारापाशी रांग लागली. शिंपीकाका नेहमीसारखे पहिले. बूट काढायला-घालायला त्यांना वेळ लागे, म्हणून ते लवकर येत. ते सवयीनं वाकले आणि नाडी सोडली. मग तसेच थांबले. त्यांची नजर बाईंच्या पायांवर होती.

"बाई," ते म्हणाले, "आज आधी तुम्ही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "जकातनाक्यालाच जकात!"

जिन्याच्या पायरीवर नवे साहेब उभे होते. ते कधी आले ते कुणालाच कळलं नव्हतं.

"काय चाललंय?"

"नियम आहे, साहेब. सैल बूट काढून आपटायचे. बाईंनीच केलाय," काका म्हणाले.

मला वाटलं, त्या फटकारतील. साहेबांना महिनाअखेरीला ठरवायचंच होतं. हे आयतंच हाती आलं होतं.

मावशी कुणाकडे बघत नव्हत्या. "बीए, खांदा दे," म्हणाल्या. माझ्या खांद्याला धरून त्यांनी उजवा बूट काढला. जमिनीवर दोनदा आपटला. काहीच पडलं नाही.

"पण मोज्यात काहीतरी आहे," घड्याळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

होतं. करंगळीशेजारी एक उंचवटा. दुकानात इतकी वर्षं कुणाचा मोजा उतरवला गेला नव्हता. त्यांनी वाकून मोजा काढला.

हसणं थांबलं. पाय उघडा होता. करंगळीच्या मुळाशी ते लाल हाड. दोन बोटांत अडकलेला पारदर्शक तुकडा. कुणाला दिसू नये म्हणून त्या जे एवढे दिवस मोज्यात लपवत होत्या, ते सगळ्यांसमोर फरशीवर होतं.

साहेबांनी हात पुढे केला. मावशींनी तुकडा काढून दिला.

"हे काय?"

"पाचर. माझी आहे. आमच्या सुनेला विचारा."

साहेबांनी तो उजेडात धरला. वाकवला. आणि खरं सांगते, हुंगला.

तेवढ्यात शिंपीकाका पायरीवर बसले. त्यांनी आपला होडीसारखा बूट काढला. मग मोजाही काढला. त्यांच्या करंगळीशी तसंच हाड होतं. जुनं, काळवंडलेलं, बाईंच्यापेक्षा मोठं. दोन बोटांत कापडाची घट्ट सुरळी होती, कडेनं बारीक टाके घातलेली.

"आधी कापूस लावायचो," ते म्हणाले. "तो बसत नाही. घसरतो."

मी मावशींकडे बघितलं. त्या काकांच्या पायाकडे बघत होत्या. मी वाट बघत होते, त्या काय म्हणतात याची.

"कापड कुठलं?" त्या म्हणाल्या.

"आँ?"

"सुरळीचं. कात्रण दुकानाचंच ना?"

सगळी रांग हसायला लागली. काकाही हसले. दोन्ही हात पुढे केले. "दुकानाचंच. घाला बेड्या."

मावशी हसल्या नाहीत. हसणं ओसरल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही नुसतं 'काढा' म्हणायचात."

मावशींनी काकांचा बूट उचलला आणि आत न बघता त्यांच्या पायाशी ठेवला.

साहेबांनी पाचर परत केली. "बाई, उभं राहता येतं का?"

"येतं."

"लंगडत नाही?"

"आज दिवसभर बघितलं असेल तुम्ही."

"बघितलं." ते जिन्याकडे वळले. "मग दार तुमच्याकडेच राहू दे. पण रोज संध्याकाळी तुमचे बूट मी स्वतः बघणार. दोन्ही."

"बघाच," मावशी म्हणाल्या. साहेब वर गेल्यावर माझ्या कानात म्हणाल्या, "माणूस कामाचा आहे."

त्यांनी मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. मग रांगेकडे वळल्या. पुढची मुलगी रुंद बुटांत होती. ती आपणहून वाकायला लागली. मावशींनी तिला थांबवलं. स्वतः वाकून तिच्या टाचेशी बोट घालून बघितलं. बोट शिरेना.

"जा," त्या म्हणाल्या.

शिंपीकाका बूट घालून निघाले होते. मावशींनी त्यांना हाक मारली. "उद्या तुमच्यासाठी पाचर आणते. ते कात्रण दुकानात जमा करा."

आम्ही दोघी बसथांब्याकडे चाललो. फुटपाथ अरुंद होता, त्या पुढे, मी मागे. त्यांची पावलं सारखी पडत होती. मला फार बरं वाटत होतं. मी काहीतरी बोलणार होते, त्याआधी त्याच बोलल्या. मागे न बघता.

"तुझे ते पहिले बूट. ताईचे होते ना?"

मी थांबले. "तुम्हाला माहीत होतं?"

"चालताना आत कागद वाजायचा. कागद आहे की कागदात गुंडाळलेलं काही, ते कळेना. म्हणून शेजारी बसले. टेबलाखाली पाय नीट दिसतात."

माझ्या सगळ्या दुपारी माझ्यासमोरून गेल्या. त्यांनी आपल्या डब्यातलं माझ्या डब्यात वाढणं. नवरा गेला तेव्हाचं सांगणं. या सगळ्याच्या खाली, टेबलाखाली, त्या माझे पाय बघत होत्या.

"पण ते बूट केव्हाच गेले," मी म्हणाले. "मी नवे घेतले. तरी तुम्ही रोज बसताच."

त्या थांबल्या. वळल्या. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नसावा.

"हो ना," त्या म्हणाल्या. मग बस दिसते का ते बघितलं. "तू चोर नाहीस असं मी म्हणत नाही."

"मग?"

"वाक जरा. हे बघ. करंगळीपाशी शिवण ताणलीय. नवे बूट, आणि आत्तापासूनच घट्ट होतायत तुला. उद्या संध्याकाळी घरी ये. कागद आण. सूनबाई पाय काढेल. ती पेन्सिल सरळ धरते."

बस आली. त्या माझ्याआधी चढल्या, दांडा न धरता. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. मी बसले. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, आणि खाली माझ्या पायांकडे बघितलं.